कोरडी नेईन म्हणाले होते

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत माझं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. पावसाळा हा आमचा शिव्या खायचा मोसम. जून लागला की फोन सुरू: मॅडम, बेडरूममध्ये पाणी आलं; मॅडम, तुमची स्लायडिंग रडतेय. मीही काही कमी नाही. आधी चार शब्द उलट ऐकवते, मग माणूस पाठवते. पण सांगायची गोष्ट अशी, की एवढ्या वर्षांत मी एकच खिडकी जाणूनबुजून गळकी बसवली आहे. होळी बाजाराजवळच्या एका वाडीत, शाळेतल्या बाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. ती मुळात घराची खिडकी नाहीच, होडीची आहे. आमच्या फिटरला तिची इतकी लाज वाटते, की कोणी विचारलं तर तो सरळ कानावर हात ठेवतो. मी मात्र सगळ्यांना सांगते, ती माझी आहे म्हणून.

त्या खिडकीची गोष्ट म्हणजे सरांचीच गोष्ट.

सर आम्हाला शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांची बायको त्याच शाळेत, प्राथमिकला. आमच्या वसईत शिक्षक रिटायर होतो, पण सर आणि बाई कधी होत नाहीत. दोघांनी सत्तरी ओलांडली तरी भाजीवालीपासून देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, फादरपर्यंत सगळे त्यांना सर आणि बाईच म्हणायचे. सर उंच, काटकुळे, बारा महिने खाकी हाफ पँटमध्ये. गळ्यात क्रॉस आणि त्याच्या शेजारी दोरीला बांधलेली शिट्टी. शाळेत ते एनसीसीच्या नेव्हीवाल्या पोरांना शिकवायचे, तेव्हापासूनची ती शिट्टी. पोरं गेली, शिट्टी राहिली. वाडीच्या टोकाला केळीत पाणी सोडताना चहा हवा असला की सर शिट्टी मारायचे. बाई स्वयंपाकघरातून पातेल्यावर झाकण आपटायच्या. एकदा आपटलं की चहा तयार आहे, दोनदा आपटलं की गप बसा.

नावाने हाक मारणं सरांना माहीतच नव्हतं. वसईभर त्यांचे विद्यार्थी, आणि प्रत्येकाचा हजेरीपटावरचा नंबर त्यांच्या डोक्यात पक्का. बँकेतला मॅनेजर त्यांच्यासाठी 'एक्केचाळीस', पोळी-भाजीचं दुकान चालवणारी 'नऊ'. मी सत्तावीस. "नावं तुमच्या आईबापांनी ठेवलीत," ते म्हणायचे, "हजेरी मी घेतलीय." भर बाजारात, मी गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडत असताना मागून आवाज यायचा, "सत्तावीस! आवाज खाली!" आणि मी, दोन पोरांची आई, खरंच आवाज खाली करायचे.

भेटायची वेळ सर घड्याळावर देत नसत. "उद्या भरती उतरली की ये," असं सांगायचे. आता मला काय माहीत भरती कधी उतरते? आम्ही वाडीवाले, आमचा संबंध विहिरीशी आणि बावखलाशी. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. भरती-ओहोटी त्याला ठाऊक नसते, मलाही नव्हती. मी आपली दहाला जायचे, तर सर किल्ल्याच्या बंदरावर गेलेले. बाई दारात बसून तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "अगं, आज उतरती उशिरा आहे. बस, चहा घे." बाईंना सगळ्या भरत्या पाठ. संसारच तसा केलेला.

सहावीत असताना त्यांच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा: वसईहून उत्तनला जायचा जवळचा मार्ग कोणता? मी लिहिलं, हायवेने, घोडबंदरवरून. भोपळा मिळाला. माझे वडील तणतणत शाळेत गेले. सरांनी त्यांना नकाशापाशी नेलं, वसईच्या किल्ल्यावर एक बोट ठेवलं, खाडीच्या पलीकडे उत्तनवर दुसरं, आणि विचारलं, "हे समोर काय आहे?" वडील म्हणाले, "पाणी." सर म्हणाले, "मग बरोबर उत्तर तुम्हाला येतं. पोरीला शिकवा." वडील घरी येऊन मलाच ओरडले. पलीकडचं उत्तन हे बाईंचं माहेर आहे, हे आम्हा पोरांना तेव्हा कुठे माहीत होतं!

रिटायर झाल्यावर बाकीचे सर लोक ट्यूशन घेतात, यांनी होडी घेतली. मुंबईच्या कुठल्याशा क्लबने भंगारात काढलेली, फायबरची, शिडाची, मधोमध एक बुटकी केबिन. टेम्पोवर बांधून ती होळीच्या त्या चिंचोळ्या गल्लीतून आली तेव्हा अख्खी आळी बाहेर उभी होती. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि ही ठेवणार कुठे?" सर म्हणाले, "केळीत." तशी ती केळीत, बावखलाच्या काठाला, लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. बाईंनी आठवड्याभरात तिच्या दोऱ्यांवर कपडे वाळत घातले. "एवढी मोठी आणलीय, काहीतरी कामाला येऊ दे," म्हणाल्या.

होडी तशी बरी होती. खोट होती ती खिडक्यांत. केबिनच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, लांबट, अ‍ॅक्रिलिकच्या. उन्हाने पिवळ्या पडून, मोतीबिंदू झाल्यासारख्या पांढुरक्या झालेल्या, कडेने चिरा गेलेल्या. सरांनी त्या स्वतः काढल्या, स्वतः नव्या लावल्या, आणि पहिल्याच सरीत आत ठेवलेली सतरंजी भिजून चिंब झाली. दुसऱ्या दिवशी सर माझ्या दुकानात हजर. "सत्तावीस, तू खिडक्या करतेस म्हणे. चार हव्यात. पाणी आत आलेलं चालणार नाही."

मी म्हटलं, "सर, त्यात काय! सतराव्या मजल्यावर वाऱ्यापावसाला तोंड देणाऱ्या खिडक्या बसवते मी."

आमच्या फिटरने मोठ्या हौसेने अ‍ॅल्युमिनियमच्या चार फ्रेम बनवल्या. इतक्या सुबक, की मी त्यांचे फोटो काढून दुकानाच्या ग्रुपवर टाकले. मग सरांनी बावखलाला लावलेला पंप सुरू केला, पाइप होडीवर धरला, आणि मी आत बसले खिडक्या बघायला. आणि काय सांगू! चारही खिडक्यांच्या खालच्या पट्टीतून बारीक बारीक धारा सुरू. कारंजं! माझ्या डोक्यावर, सरांच्या मांडीवर, सतरंजीवर. मला कळेचना, एवढ्या चोख फ्रेमला भोकं आली कुठून. मग ट्यूब पेटली. बिल्डिंगच्या खिडकीला आम्ही खालच्या पट्टीत भोकं पाडतोच. पावसाचं पाणी रुळात साठतं, ते बाहेर वाहून जायला नको? फिटरच्या हाताला सवय. त्याने होडीच्या खिडक्यांनाही इमानेइतबारे भोकं पाडली होती.

सर चिडले नाहीत. एका भोकात बोट घालून म्हणाले, "सत्तावीस, होडीच्या बाहेर समुद्र असतो. आपण पाणी आतून काढून कुठे टाकणार होतो?" बाहेर पंपापाशी उभ्या असलेल्या बाई एवढ्या हसल्या, की त्यांना केळीच्या बुंध्याला धरून बसावं लागलं. फिटर तिथूनच जो पळाला, तो चहालाही थांबला नाही.

फ्रेम काढल्या. मग नीट चौकशी केली. होडीला खिडकीची शीट फ्रेमशिवाय थेट अंगावर बसवायची असते. कडेने सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचा, जाड थर द्यायचा, शीट अलगद टेकवायची, आणि स्क्रू निम्मेच पिळायचे. मग हात जोडून आठवडाभर गप बसायचं. थर रबरासारखा घट्ट झाला की शेवटचे आटे द्यायचे. ओल्यातच आवळलं की सगळा माल बाहेर येतो, आत उरतं काय? काही नाही. मी हे सरांना समजावलं. सरांनी मान डोलावली. "बरोबर. आठवडाभर हात लावायचा नाही."

आणि हात लावला! त्याच संध्याकाळी!

सरांचा हा जन्माचा दोष होता. त्यांना सैल काही बघवायचंच नाही. नळ असा बंद करायचे की बाईंना तो दोन हातांनी सोडवावा लागे. लोणच्याची बरणी अशी लावायचे, की ती उघडायला शेजारच्या वाडीतला तरणा पोरगा बोलवावा लागे. बाई म्हणायच्या, "आमच्याकडे आंबा पिकतो, मुरतो, पण खाता येत नाही." रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना झाली की सर स्क्रूड्रायव्हर घेऊन केळीत जायचे. "हा एक जरा सैल वाटतो," असं पुटपुटत एकेका स्क्रूला अर्धा आटा द्यायचे. कडेने सीलंट बाहेर यायचा, तो ते बोटाने निपटून हाफ पँटला पुसायचे. एखादी पँट बघितली तर नुसती काळ्या पट्ट्यांची.

मग परीक्षा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून प्रत्येक खिडकीखाली ठेवायच्या, पाणी मारायचं, आणि पट्टी ओली झाली का बघायचं. झालेली असायचीच. ती ओली पट्टी घेऊन सर सायकलवरून थेट पूर्वेला माझ्या दुकानात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असो, कोणी असो, पट्टी माझ्या टेबलावर. "सत्तावीस, थेंब."

"सर, एवढासा थेंब!"

"थेंब म्हणजे बातमी."

एकदा नव्या सोसायटीची कमिटी खिडक्या बघायला बसली होती. सर आले, पट्टी ठेवली, "परत गळली," म्हणाले आणि निघून गेले. कमिटीही उठली. माझं डोकं असं फिरलं! स्कूटर काढली आणि तडक होळी गाठली. दारातच तोंडाचा पट्टा सुरू केला, "बाई, सरांना आवरा! मी किती वेळा सांगितलं, पिळू नका! ऐकायचं नसेल तर दुसरा माणूस बघा! आणि एवढा कसला मेला सोस? चार थेंब आले तर आले, फडक्याने पुसा! होडी केळीत उभी आहे, तिला कुठे जायचंय?"

बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं.

बाईंचं लग्न उत्तनच्या देवळात लागलं. वऱ्हाड वसईला आलं ते मच्छीमारांच्या शिडाच्या होडीतून. बँडवाले, करवल्या, नवरा-नवरी, सगळे. खाडीच्या तोंडाशी वारा उठला आणि एक लाट अशी आली की नवरीची पांढरी साडी, डोक्यावरचं जाळीचं वस्त्र, फुलं, सगळं खाऱ्या पाण्यात न्हालं. वसईच्या धक्क्यावर सासूबाई आरती घेऊन उभ्या, आणि पुढ्यात ही ओलीचिंब सून. लोक हसले. तेव्हा सरांना मिसरूड नुकतं फुटलेलं, ते सगळ्या वऱ्हाडासमोर छाती काढून बोलून बसले, "पुढच्या वेळेला हिला माहेरी मी होडीने नेईन आणि कोरडी नेईन."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. एसटी होती, मग रिक्षा आल्या, गाड्या आल्या. जात राहिलो रस्त्याने. मी तर विसरून गेले होते गं. यांनी मात्र धरून ठेवलंय."

त्यानंतर सरांवर ओरडायला माझी जीभ वळेना. तरी ओरडायचे, पण पहिल्यासारखी मजा येईना.

फादरांच्या आशीर्वादाचा प्रसंग तर आळीत अजून सांगतात. एका वर्षी सरांची खात्री झाली की आता होडी पक्की झाली. फादरांना बोलावलं, शेजारीपाजारी जमले, बाईंनी फुगे, म्हणजे आमच्याकडचे सणाचे गोल गोल वडे, तळले. फादरांनी विचारलं, "नाव काय ठेवलंय?" सर म्हणाले, "कोरडी असल्याची खात्री झाल्याशिवाय नाव नाही. बाप्तिस्म्याआधी नाव कुठे असतं?" फादर हसले, प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडलं. जरा सढळ हाताने शिंपडलं असावं, कारण आत बसलेल्या सरांचा आवाज आला, "थेंब!" फादर वाकून त्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "सर, आशीर्वाद आतपर्यंत पोचला, एवढंच समजा." बाईंनी फुग्यांची परात फिरवायला घेतली. होडी बिननावाची ती बिननावाचीच राहिली.

अशी वर्षं गेली. मी थकले, फिटर थकला, सर थकले नाहीत. आणि मग एका वर्षी, उन्हाळा लागता लागता, उत्तनहून फोन आला. बाईंची थोरली बहीण माहेरच्या घरात एकटी राहायची. तिचा मुलगा परदेशात. तो तिला घेऊन जाणार होता. मे महिन्यात गावच्या देवळाचा सण झाला की घराला कुलूप. म्हणजे बाईंचं माहेर म्हणून जे काही होतं, ते एवढ्या एका सणापुरतं उरलं होतं. बाईंचे गुडघे तोवर पार गेले होते. घोडबंदरचा लांबचा वळसा, ते खड्डे, डॉक्टर नको म्हणाले होते. पण आता किल्ल्याच्या बंदरावरून भाईंदरला मोठी फेरीबोट सुरू झाली होती. गाडीसकट आत शिरायचं, पलीकडे उतरायचं.

बाईंनी माझ्यासमोरच सरांना सांगितलं, "सणाच्या आधी तुमच्या खिडक्या गळायच्या थांबल्या तर तुमच्या होडीने. नाही थांबल्या तर मी फेरीने जाते. बहिणीला बघितल्याशिवाय मी काही राहायची नाही."

सरांचा चेहरा पडला. एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "फेरीने?" एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "सत्तावीस, शेवटचं एकदा."

मी स्वतः बसवल्या चारही खिडक्या. जुना थर खरवडून काढला, नवी शीट, नवा सीलंट, स्क्रू निम्मे. हात धुतले आणि बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, आता माझ्या हातात काही नाही. आठवडाभर यांना आवरलंत तर जमेल."

दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर गायब. सरांनी हत्यारांची पेटी उपसली, माळा उपसला, आळीत प्रत्येकाकडे मागून आले; बाईंनी आळीलाही आधीच दम भरलेला. (ते सगळे तांदळाच्या पिंपात, तळाशी होते.) मग सर लोण्याची सुरी घेऊन निघाले, तर सुऱ्याही नाहीत. बाई तेवढे दिवस सगळं विळीवर चिरत होत्या. एका संध्याकाळी सर चमचा घेऊन होडीत चढताना सापडले. तेव्हा मात्र बाईंनी हद्द केली. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून होडीत जाऊन बसल्या. रोज संध्याकाळी. हातात जपमाळ, पुढ्यात कंदील. सर खाली केळीत येरझाऱ्या घालत होते. "एकच बघतो गं. जरा सैल वाटतो." वरून बाई म्हणायच्या, "प्रणाम मरिये... घरात जा... कृपेने पूर्ण..."

आठवडा संपल्यावर मी शेवटचे आटे दिले. सरांनी पंप लावला. इतका वेळ लावला की बावखलातलं पाणी वीतभर उतरलं असेल. आत पट्ट्या ठेवलेल्या. सर आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी धास्तावून वाकून पाहिलं, तर ते पट्ट्या हातात घेऊन बसले होते, डोळे भरलेले. "बातमी नाही," म्हणाले.

आदल्या दिवशी टेम्पोवरून बंदरावर नेलेली होडी सणाच्या दिवशी सकाळी किल्ल्याजवळच्या पाचूबंदरच्या धक्क्यावरून निघाली. सुकाणूवर सरांचा जुना कोळी दोस्त, नाखवा. मला सरांनी हट्टाने बरोबर घेतलं होतं. खिडकी बसवणारी खिडकीपाशी हवी म्हणे. बाई नवी गुलाबी साडी नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. सरांनी त्यांना हात धरून केबिनमध्ये नेलं, उशी दिली, दोन्ही बाजूंच्या खिडक्या दाखवल्या. "इथून सगळं दिसतं. तू इथेच बस. थेंब लागणार नाही."

शीड भरलं. किल्ल्याचा तट मागे सरकायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा वसईला पाण्यातून बघत होते, आणि खरं सांगते, मला माझा सहावीतला भोपळा आठवला. खाडीच्या तोंडाशी वारा वाढला. लाटा होडीवर आपटायला लागल्या. आत सर गुडघ्यांवर बसून एकेका खिडकीच्या कडेवरून बोट फिरवत होते, पट्ट्या तपासत होते. पन्नासेक वर्षं ज्या समुद्रावर बायकोला न्यायचं म्हणून हा माणूस झुरला, तो समुद्र आला, तर हा कडा तपासतोय! मी म्हटलं, "सर, बाहेर तर बघा." ते म्हणाले, "थांब. आत्ताच पाणी आपटतंय, आत्ताच कळेल."

तेवढ्यात बाई उठल्या. केबिनच्या दाराला धरून, गुडघे सांभाळत, बाहेर आल्या. नाखवा म्हणाला, "बाय, आत बसा, पानी उडतंय."

"उडू दे की. मी काय पापड आहे?"

आणि त्या पुढच्या बाजूला माझ्या शेजारी येऊन बसल्या. पहिली लाट आली ती थेट तोंडावर. बाई ओरडल्या, मग खदखदून हसल्या. दुसरी आली तेव्हा त्यांनी स्वतःहून तोंड पुढे केलं. गुलाबी साडी अंगाला चिकटली, गजरा विस्कटला, चष्म्यावरून पाणी ओघळायला लागलं. मी त्यांना धरून बसले होते. इतकं मोकळं हसताना मी बाईंना पंपाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. आतून अधूनमधून आवाज येत होता, "नाही! इथेही नाही! थेंब नाही!"

उत्तनच्या धक्क्यावर थोरली बहीण छत्री घेऊन उभी होती. बाईंना बघून म्हणाली, "काय गं, परत भिजलीस?"

मग केबिनमधून सर बाहेर आले. इस्त्रीच्या शर्टाची घडीही मोडली नव्हती. मुठीत कोरड्या कागदाच्या पट्ट्या, हात उंच करून, "एक थेंब नाही! बघा, कोरडी..." आणि त्यांची नजर बाईंवर गेली.

बाईंनी पदर पुढे घेतला, सरांच्या डोक्यावर धरला आणि पिळला. घळाघळा पाणी. पट्ट्या, शर्ट, शिट्टी, सगळं ओलं.

"अहो, मला कोरडं यायचंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी भिजले, तेच मला आवडलं होतं."

सर बघतच राहिले. "मग सांगायचं नाही कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि तुम्ही खिडक्या लावत बसायचात ना, ते बरं वाटायचं बघायला."

सरांनी ओली शिट्टी तोंडात घातली आणि जोरात वाजवली. धक्क्यावरच्या कुणा पोरीने सणाच्या हौसेने बादली बडवली, आणि थोरली बहीण एवढी हसली की छत्री हातातून सुटून पाण्यात गेली. परतताना सर बाहेर, बाईंच्या शेजारी बसले. केबिनमध्ये मी एकटीच होते. कोरडी.

सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. दुखणं नाही, काही नाही, सकाळी बाई चहा घेऊन गेल्या तर सर उठलेच नाहीत. होडी बाईंनी नाखव्याला देऊन टाकली. न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "एक खिडकी मला काढून दे. ओट्यावर बसव." मी काढली. स्क्रू काढताना हात भरून आले. ते इतके घट्ट होते, की शेवटच्या आट्यांनंतरही सर हळूच एकदा फिरून आलेले असणार.

ओट्यावरच्या भिंतीत शीट टेकवली, तिन्ही बाजूंना सीलंट भरला, आणि चौथी, खालची बाजू भरायला सीलंटची गन उचलली. मागून हाक आली.

"सत्तावीस."

मी दचकले. बाईंनी मला जन्मात कधी नंबराने हाक मारली नव्हती. त्या मला नेहमी नावानेच बोलवायच्या.

"खालची बाजू तशीच सोड."

"बाई, पाणी येईल ना आत."

"येऊ दे. पावसाची सर आली की ते फडकं घेऊन होडी पुसायला उठायचे. मी ओरडायची, बसा जरा. आता सर येते आणि जाते, घरात कोणी उठत नाही. मी नुसती पडून असते. मला उठायला काहीतरी ठेव."

मी गन खाली ठेवली. ओट्याला टेकून दोघी थोडा वेळ रडलो आणि मग चहा घेतला. खालची बाजू मी तशीच सोडली.

गेल्या पावसात, एका सकाळी, दुकान उघडत होते तर फोन वाजला. बाई.

"थेंब आला गं."

मी म्हटलं, "माणूस पाठवू?"

"नको. मी उठलेय," बाई म्हणाल्या. "तुला बातमी द्यायला फोन केला."